मानेला हिसका, उपचारांचा पसारा

१ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मोटार विम्याचा कायदा बदलला. आदल्या दिवसापर्यंत मागून कुणी गाडी ठोकली, तर त्याच्यावर दावा लावून औषधपाण्याच्या खर्चाबरोबर वेदना आणि मनस्ताप यांचेही पैसे मागता येत होते. नव्या कायद्यात चूक कुणाची हा प्रश्नच जवळजवळ बाद झाला. उपचार आणि बुडालेला पगार विमा देणार, पण दुखण्याची वेगळी किंमत बहुतेकांना मिळणार नाही. रस्ते तेच होते, बर्फ तोच होता, गाड्याही त्याच. तरी मान दुखावल्याच्या दाव्यांचं सहा महिन्यांतलं प्रमाण लाख लोकांमागे ४१७ वरून ३०२ वर उतरलं. दावा बंद व्हायला लागणारा मध्यक कालावधी ४३३ दिवसांवरून १९४ दिवसांवर आला.

हे आकडे २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले आणि मोठा गदारोळ झाला. विमा कंपन्यांनी म्हटलं, बघा, सगळी सोंगं होती. वकिलांनी आणि रुग्णांची बाजू घेणाऱ्यांनी म्हटलं, अभ्यासाला पैसा प्रांताच्या सरकारी विमा कंपनीचा, आणि फाईल बंद होणं म्हणजे मान बरी होणं नव्हे. दुसरा आक्षेप रास्त आहे. मात्र संशोधकांनी तोही तपासला होता: ज्यांचं दुखणं कमी, हालचाल चांगली आणि मन खचलेलं नाही, त्यांचे दावे लवकर बंद होत होते. संशोधकांत पहिलं नाव होतं डेव्हिड कॅसिडी यांचं. ते शिक्षणाने कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीच्या आणि मानेच्या मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्यांपैकी एक. पुढे साथरोगशास्त्राकडे वळलेले. व्हिपलॅश, म्हणजे धक्क्याच्या हिसक्याने झालेली मानेची दुखापत, आणि कायरोप्रॅक्टिक यांच्याविषयीचे सगळ्यांत अडचणीचे प्रश्न याच व्यवसायातून बाहेर आलेल्या दोन-चार माणसांनी विचारले, हे या विषयाचं एक वैशिष्ट्य.

व्हिपलॅशमध्ये दुखणं खरं असतं, हे आधी सांगायला हवं, कारण भरपाईचा विषय निघाला की ते विसरलं जातं. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून धक्का बसतो तेव्हा सीटची पाठ माणसाचं धड पुढे ढकलते. डोकं जड आणि मोकळं, ते क्षणभर जागच्या जागी राहतं. पूर्वी समजूत अशी की मान धनुष्यासारखी सबंध मागे वाकते आणि तिथे दुखापत होते. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांतून काढलेल्या माना घसरगाडीवर बसवून हा धक्का देऊन पाहिला. १९९७ साली त्यांनी दाखवलं की सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागातच मानेला इंग्रजी 'एस'सारखा आकार येतो. वरचे मणके पुढे झुकलेले, खालचे मात्र त्यांच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे मागे उघडलेले. डोकं हेडरेस्टला टेकण्याआधीच हे होऊन जातं. स्नायू सावध होऊन आवळले जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

या ओढाताणीत सापडतात ते मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे जोडसांधे, ज्यांना डॉक्टर फॅसेट सांधे म्हणतात. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल इथे निकोलाय बोगडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट व्हिपलॅशच्या रुग्णांत या सांध्यांना जाणाऱ्या नसा सुईने बधिर करून पाहिल्या. कोणत्या सुईत औषध आणि कोणत्या सुईत नुसतं मिठाचं पाणी, हे रुग्णाला सांगितलं नव्हतं. सुमारे ६० टक्के रुग्णांत दुखण्याचं मूळ या सांध्यांतच निघालं. १९९६ मध्ये त्यांनी निवडक २४ रुग्णांपैकी निम्म्यांच्या त्या नसा उष्णतेने निकामी केल्या, उरलेल्यांवर नुसतंच नाटक केलं. खऱ्या उपचारानंतर दुखणं निम्म्यावर परत यायला मध्यक २६३ दिवस लागले, खोट्या उपचारानंतर ८ दिवस. मनाचे खेळ आहेत म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा. अर्थात ही वर्षानुवर्षं मान धरून बसलेली, गाळून निवडलेली माणसं होती. परवा धक्का बसलेल्या माणसाला त्यांचा नियम लावता येत नाही.

अडचण अशी की यातलं काहीच एक्स-रेवर दिसत नाही आणि एमआरआयवरही बहुधा नाही. आपल्याकडे रिपोर्टमध्ये हमखास एक ओळ असते, मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे, स्नायू आखडल्याची शक्यता. ती वाचून माणूस घाबरतो आणि कागद व्हॉट्सॲपवर दहा जणांना पाठवतो. असा सरळ बाक काही न दुखणाऱ्या लोकांतही सर्रास दिसतो. मग फोटो काढायचा कुणाचा? ओटावाच्या इयन स्टिएल यांनी सुमारे नऊ हजार रुग्णांवरून २००१ मध्ये एक साधा नियम मांडला. वय ६५ किंवा जास्त, उंचावरून पडणं किंवा गाडी उलटणं यासारखा भारी अपघात, हातापायांना मुंग्या, यांपैकी काही असेल तर एक्स-रे किंवा सीटी हवाच. यातलं काही नाही, मागून साधी धडक आहे, माणूस चालतोय, बसतोय, अशा वेळी त्याला मान वळवायला सांगा. डावीकडे आणि उजवीकडे ४५ अंश वळली, तर फोटोची गरज नाही. नियम खऱ्या शहाण्या माणसाने केल्यासारखा आहे. मशीनच्या आधी रुग्णाची स्वतःची हालचाल विचारतो.

सस्कॅचेवानचा कायदा बदलला त्याच वर्षी, १९९५ ला, क्यूबेकच्या मोटार विमा मंडळाने नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल आला. वॉल्टर स्पिट्झर त्याचे प्रमुख. त्यांनी दहा हजारांवर शोधनिबंधांची शीर्षकं चाळली आणि विश्वास ठेवण्यासारखे अभ्यास उरले ६२. त्यांनी दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत: पहिलीत नुसतं दुखणं आणि ताठरपणा, दुसरीत तपासताना हालचाल कमी झालेली किंवा दाबल्यावर दुखणारी जागा, तिसरीत नसेवर दाब आल्याची लक्षणं, चौथीत मोडलेला किंवा निखळलेला मणका. बहुतांश रुग्ण पहिल्या दोन पायऱ्यांवरच असतात. त्यांना अहवालाने सांगितलं की पट्टा काढा, हालचाल करा, नेहमीच्या कामाला लागा. मानेचा मऊ पट्टा बांधून पडून राहण्याचा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही, आणि अपघात झाल्याची खूण म्हणून पाहुणेमंडळींसमोर तो गळ्यात मिरवलाही जातो.

पैशाचा प्रश्न मोटारीच्याही आधीचा. इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांनंतर प्रवासी पाठदुखी, थकवा, झोप उडाल्याच्या तक्रारी घेऊन कोर्टात जात. सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये कण्याला बसलेल्या अदृश्य धक्क्यातून हे होतं असं मांडलं. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी हे बहुतांशी भीती आणि मनाचं आहे असं प्रत्युत्तर दिलं. पेज हे रेल्वे कंपनीचेच सर्जन होते. पगार कुणाचा हे बघून निदान वाचण्याची सवय वाचकाला तेव्हापासून लागायला हरकत नव्हती.

लिथुआनियाचा अभ्यास या वादात नेहमी पुढे केला जातो. १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात मागून धडक बसलेल्या २०२ लोकांना एक ते तीन वर्षांनी गाठलं. त्या देशात अशा दुखण्याला भरपाई मिळण्याची प्रथा जवळजवळ नव्हती. मानदुखी आणि डोकेदुखीचं प्रमाण धडक न बसलेल्या लोकांइतकंच निघालं. निष्कर्ष मोहक आहे, पण तोकडा. यातल्या बऱ्याच जणांना धडकेनंतर मान दुखलीच नव्हती, मग ती जुनाट होणार कशी? उलट टोकाला, २००८ मध्ये मानदुखीवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने सगळा पुरावा एकत्र केला, तेव्हा व्हिपलॅशच्या सुमारे निम्म्या रुग्णांना वर्षभराने काही ना काही त्रास उरलेलाच दिसला. कोण रेंगाळणार हे गाडीच्या वेगावरून सांगता येत नाही. सुरुवातीचं दुखणं किती तीव्र, आपण बरे होऊ असं माणसाला वाटतं का, आणि तो दुखण्यासमोर हातपाय गाळून बसतो का, यांवरून बरंच सांगता येतं.

आता हात लावणाऱ्यांकडे. कायरोप्रॅक्टिकची जन्मतारीख त्या व्यवसायाच्या परंपरेने १८ सप्टेंबर १८९५ अशी दिली आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थाने इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्डचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी ती कथा. सरकलेले मणके शरीरातल्या उपजत चैतन्याचा प्रवाह अडवतात आणि त्यातून बहुतेक रोग होतात, हा पामरचा सिद्धांत. विना परवाना वैद्यकी केली म्हणून १९०६ मध्ये तो तुरुंगातही गेला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या मंडळींवर बहिष्कार टाकला होता; त्याविरुद्धचा खटला १९७६ ला दाखल झाला आणि १९८७ मध्ये कायरोप्रॅक्टर जिंकले. कोर्टाने बहिष्कार बेकायदा ठरवला, सिद्धांताला प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आज या व्यवसायात दोन घराणी आहेत म्हटलं तरी चालेल. एक अजूनही सरकलेला मणका जागेवर बसवतो. दुसरं मान, पाठ आणि सांधे यांपुरतं बोलतं, पुरावा मागतं, व्यायाम देतं.

टेबलावर काय होतं ते जवळून पाहिलं तर जादू कमी होते. रुग्ण उताणा झोपतो. उपचारकाचा एक तळवा कवटीखाली, दुसऱ्या हाताच्या तर्जनीची कड ठरलेल्या सांध्याच्या मागे. डोकं थोडं कलतं करून वळवायचं, सगळा सैलपणा संपेपर्यंत. तिथे थांबून, सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात, अगदी कमी अंतराचा झटका. कड्! असा आवाज होतो. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर झाले की त्यांमधल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडात अल्बर्टामध्ये २०१५ साली एमआरआयमध्ये बोट ओढून ते दृश्य टिपलंही गेलं. झटक्यानंतर मान काही वेळ हलकी वाटते, जास्त वळते. हा आराम खरा, पण तात्पुरता. झटका न देता सांधे सावकाश हलवण्याची दुसरी रीतही आहे, आणि प्रयोग एकत्र करून तोलणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात दोन्हींचे परिणाम साधारण सारखेच दिसले. पुराव्याचा दर्जा मात्र हलका.

व्हिपलॅशसाठी कायरोप्रॅक्टिकच्या जाहिरातींत ९३ टक्के हा आकडा वारंवार भेटतो. तो ब्रिस्टलच्या १९९६ च्या एका लेखातला आहे. जुनाट दुखण्याचे २८ रुग्ण, त्यांतले २६ सुधारले. तुलनेला दुसरा गटच नाही, माहिती मागाहून विचारलेली. आपोआप किती सुधारले असते हे कळायचा मार्ग नाही. एवढ्या बारीक खुंटीला केवढं ओझं टांगलंय! यापेक्षा भक्कम अभ्यास २०१२ चा, अमेरिकेतला. साध्या मानदुखीच्या २७२ रुग्णांचे तीन गट केले: मणक्यावरचा हस्तोपचार, औषधं, आणि घरी करायचे व्यायाम. बारा आठवड्यांनी हस्तोपचाराने गोळ्यांना मागे टाकलं. पण दोनदा बोलावून शिकवलेल्या घरच्या व्यायामाने हस्तोपचाराची बरोबरी केली. हे रुग्ण अपघाताचे म्हणून निवडलेले नव्हते, हे सांगणं बऱ्याचदा राहून जातं.

सगळ्यांत अस्वस्थ करणारा पुरावा पुन्हा सस्कॅचेवानचाच. कॅसिडींचे सहकारी पिएर कोटे, तेही कायरोप्रॅक्टर. त्यांनी अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात कोणाकडे किती वेळा गेलं यावरून रुग्णांची वर्गवारी केली. डॉक्टरकडे एक-दोनदा जाऊन आलेले लवकर बरे झाले. वारंवार डॉक्टरकडे जाणारे, किंवा डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर दोघांकडे भरपूर खेपा घालणारे, हळू बरे झाले. २००५ ला हा निष्कर्ष आला, २००७ ला वेगळ्या रुग्णांत पुन्हा तसाच आला. ज्याला जास्त दुखतं तोच जास्त खेपा घालणार, हा आक्षेप लगेच सुचतो. दुखण्याची तीव्रता हिशोबात धरूनही फरक उरला होता, तरी आक्षेप पूर्ण मिटत नाही. मला हा निष्कर्ष पटतो, कारण प्रयोगांचाही कल तसाच आहे. ब्रिटनमध्ये ३,८५१ रुग्णांच्या अभ्यासात इमर्जन्सी विभागात जास्तीचा सल्ला देऊन नेहमीपेक्षा काही साधलं नाही. फिजिओथेरपीच्या सत्रांनी सुरुवातीला थोडा फायदा दिला, तो पुढे विरला. ऑस्ट्रेलियात २०१४ साली जुनाट रुग्णांना एका बाजूला वीस सत्रांचा व्यायामाचा भरगच्च कार्यक्रम दिला आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या तासाचा एक सल्ला व गरज पडली तर फोन. निकाल सारखे.

म्हणजे कायरोप्रॅक्टरकडे जाऊच नये का? पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या दुखण्यात चार-सहा वेळा हात फिरवून घेतल्याने आराम पडत असेल, मान वळायला लागत असेल आणि तेवढ्या आधाराने माणूस कामाला लागत असेल, तर त्यात वावगं काही नाही. आधीच पैसे भरून घेतलेली चाळीस सत्रांची पॅकेजं, दर महिन्याला काढलेले एक्स-रे आणि 'मणका अजून पूर्ण जागेवर आलेला नाही' हे पालुपद, इथून पळावं. अशा पॅकेजांत मान कधीच बरी होत नाही, कारण ती बरी झाली हे सांगायला कुणीच बसलेलं नसतं.

धोक्याचा भाग लहान, पण गंभीर. मानेच्या मणक्यांतून वर मेंदूकडे जाणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्यांचा आतला पदर फाटला, तर तिथे गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. झटक्याच्या उपचारानंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत. किती वेळा होतं यावर अंदाज इतके विखुरलेले आहेत की एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कॅसिडींनीच २००८ मध्ये ओंटारिओतले नऊ वर्षांतले ८१८ स्ट्रोक तपासले. तरुण रुग्णांत कायरोप्रॅक्टरकडे नुकतं जाऊन आल्याचं प्रमाण जास्त होतं, पण साध्या डॉक्टरकडे जाऊन आल्याचंही तितकंच. त्यांच्या मते अर्थ असा की धमनी आधीच फाटत असते, म्हणून मान आणि डोकं दुखतं, म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. टीकाकार म्हणतात, बिलांच्या कोडवरून काढलेल्या निदानांवर इतका भरवसा नको. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये मधला मार्ग घेतला: संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही, रुग्णाला आधी सांगा. व्हिपलॅशपुरता एक मुद्दा यातून उरतो. धडकेनेही ही धमनी फाटू शकते. अपघातानंतर मानेच्या एका बाजूला कधी नव्हे असं दुखणं, पापणी खाली येणं, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, तोल जाणं यांपैकी काही असेल, तर मानेला कुणाचाही हात लागण्याआधी रुग्णालय गाठावं.

कायद्यांनी उपचाराचा आकार कसा ठरतो, याचा नमुना फ्लोरिडात दिसतो. तिथल्या विम्यात वैयक्तिक इजेसाठी १०,००० डॉलरचं संरक्षण आहे. २०१३ पासून अट आली की अपघातानंतर १४ दिवसांत पहिला उपचार घेतला नाही तर काहीच मिळणार नाही, आणि तातडीची स्थिती असल्याचा निर्वाळा नसेल तर मर्यादा २,५०० डॉलर. पहिला उपचार कायरोप्रॅक्टर देऊ शकतो, पण तातडीची स्थिती आहे असा निर्वाळा देण्याचा अधिकार त्याला नाही. साहजिकच दुखो न दुखो, दोन आठवड्यांच्या आत कुणाच्या तरी टेबलावर पडायचं, हे सगळ्यांना पाठ झालं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना अपघातानंतर वकिलांचे फोन आणि त्यांनीच सुचवलेले दवाखाने याचा अनुभव असतोच. इंग्लंड आणि वेल्सने दुसरी वाट धरली. ३१ मे २०२१ पासून तिथे दराचा तक्ता आला: तेव्हाच्या दराने तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड, दीड ते दोन वर्षांच्या दुखण्याला ४,२१५ पौंड. वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोड करायलाही बंदी. ज्यांचं दुखणं खरोखर लांबतं, त्यांच्यावर यात अन्याय होतो असं माझं मत. पण खोट्या माना कमी करायला असाच बोथट कोयता हाताशी होता.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मऊ ऊतींच्या दुखापतीसाठी कोण खेपा घालणार? आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण खर्च बहुधा नसतो. त्यामुळे इथे दुखणं लांबवायला पैसा नाही, आणि नीट तपासून घ्यायलाही नाही. शेक, बाम, पट्टा, ओळखीचा हाडवैद्य, आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर फुकट मिळणारी चंपी, ज्यात शेवटी मान दोन्हीकडे कडाकड मोडली जाते. त्या खुर्चीत तपासणी नसते, आणि झटका कायरोप्रॅक्टरच्या झटक्याचाच चुलतभाऊ असतो. आता त्यात रील्सची भर पडली आहे. माईक मणक्याला लावून आवाज ऐकवणारे उपचारक शहरोशहरी आहेत. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी राज्य परिषद आहे, नोंदणी आहे. कायरोप्रॅक्टरसाठी तशी स्वतंत्र परिषद नाही. परदेशी विद्यापीठात चार-पाच वर्षं शिकून आलेला आणि आठवड्याचा कोर्स केलेला, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. पाटीवरच्या अक्षरांपेक्षा पदवी कुठली हे विचारायला लाजू नये.

एका उपायावर मात्र वकील, विमा कंपन्या, सर्जन आणि कायरोप्रॅक्टर यांच्यात भांडण नाही, तो म्हणजे हेडरेस्ट. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटला तो सक्तीचा झाला. १९९८ मध्ये व्होल्वोने धक्का बसताच माणसासोबत मागे सरकणारी सीट आणली. बायकांना ही इजा पुरुषांपेक्षा जास्त होते. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये सरासरी स्त्रीच्या बांध्याची चाचणी-बाहुली दाखवली, तोवर चाचण्यांत सरासरी माणूस म्हणजे पुरुषच होता. आपल्या गाडीत करायचं एवढंच: हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या बरोबरीला आणि डोक्याच्या मागे जवळ ठेवायचा. बहुतेक गाड्यांत तो शोरूममधून आला तसा खाली दाबलेलाच असतो, आणि मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या वाट्याला तो बहुधा येतच नाही.